एकही हार नाही, एकही बरोबरी नाही: मिनेसोटा विद्यापीठाच्या मुलींचा २०१२-१३ चा आईस हॉकी हंगाम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत राहणाऱ्या मराठी घरांत हिवाळ्यातल्या गप्पा कधी ना कधी आईस हॉकीकडे वळतातच. नव्याने आलेली कुटुंबे, सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आजी-आजोबा आणि ज्यांच्या मुली इथल्या शाळेत स्केटिंग शिकू लागल्या आहेत असे पालक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. विषय एकाच हंगामाचा आहे, कारण या खेळाबद्दल जे काही समजून घ्यावे असे मला वाटते ते बहुतेक सगळे त्या एका हंगामात सापडते.

हा हंगाम नेमका कोणता, आणि त्याचे एवढे काय?

मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला आईस हॉकी संघाने २०१२-१३ च्या हंगामात ४१ सामने खेळले आणि सर्वच्या सर्व ४१ जिंकले. २४ मार्च २०१३ रोजी त्यांनी अंतिम सामन्यात बॉस्टन विद्यापीठाचा ६-३ असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या महिला आईस हॉकीत, सर्वोच्च विभागातील एखाद्या संघाने एकही सामना न हरता आणि एकाही सामन्यात बरोबरी न होऊ देता विजेतेपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती.

ते त्यांचे सलग दुसरे विजेतेपद होते. आदल्या वर्षी, मार्च २०१२ मध्ये, डुलूथ शहरात झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी विस्कॉन्सिनला ४-२ असे हरवले होते.

संघाला ‘गोल्डन गोफर्स’ का म्हणतात?

गोफर हा जमिनीत बिळे करून राहणारा खारीच्या कुळातला छोटा प्राणी आहे आणि मिनेसोटा राज्याला फार पूर्वीपासून ‘गोफर स्टेट’ असे टोपणनाव आहे. विद्यापीठाचे रंग गडद तांबडा आणि सोनेरी असल्यामुळे त्याच्या सगळ्याच संघांना हे नाव पडले.

आपल्याकडची हॉकी आणि ही हॉकी यांत फरक काय?

भारतात हॉकी म्हटले की मैदानावरची अकरा जणांची हॉकी डोळ्यांसमोर येते. आईस हॉकीत प्रत्येक संघाच्या सहाच खेळाडू बर्फावर असतात, पाच स्केटर आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती असते. तिला पक म्हणतात. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच आणि वजन साधारण १७० ग्रॅम असते, आणि बर्फावर ती उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो.

नवख्या प्रेक्षकाला सर्वात गोंधळात टाकते ती खेळाडूंची अदलाबदल. पूर्ण वेगाने स्केटिंग करणाऱ्या खेळाडूचा दम पाऊण-एक मिनिटात संपतो, म्हणून खेळ न थांबवता चालू खेळातच बाकावरची खेळाडू कठड्यावरून उडी टाकून आत येते आणि दमलेली बाहेर जाते. खो-खो पाहिलेल्या माणसाला हे पटकन उमजते: पाटीत बसलेली मुलगी खो मिळताच जशी उठते, तशीच बाकावरची मुलगी आपल्या जोडीदारणीची वाट पाहत अर्धी उठूनच बसलेली असते. म्हणून आईस हॉकीत संघ मोठा लागतो आणि बाकावरच्या शेवटच्या मुलीपर्यंत प्रत्येकीला खेळता यावे लागते. या हंगामाचे बरेचसे रहस्य त्या बाकावर आहे. त्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

मुलींच्या खेळात धक्काबुक्की चालते का?

पुरुषांच्या खेळात समोरच्याला अंग झोकून कठड्यावर आदळणे नियमात बसते. मुलींच्या महाविद्यालयीन खेळात मुद्दाम असे आदळल्यास खेळाडूला किमान दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तोवर तिचा संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो. त्यामुळे खेळात स्केटिंगची सफाई, अचूक पास आणि जागा हेरण्याची नजर यांना अधिक मोल येते. अंगाला अंग लागतच नाही असा मात्र याचा अर्थ नाही. कोपऱ्यात पकसाठी तीन-चार जणी झुंजतात तेव्हा हेल्मेटच्या जाळ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज पहिल्या काही रांगांत स्पष्ट ऐकू येतो.

४१ सामने कसे झाले? एवढे सामने एका हंगामात कोठून येतात?

मिनेसोटा ज्या लीगमध्ये खेळत असे, त्या वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशनमध्ये तेव्हा आठ संघ होते. प्रत्येक संघ इतर सात संघांशी चार-चार वेळा खेळे, म्हणजे २८ सामने झाले. लीगबाहेरचे सहा सामने, लीगच्या बाद फेरीतले चार आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धेतले तीन मिळून ४१ ही संख्या होते.

यातला २८ हा आकडा वाचक अनेकदा घाईने ओलांडून जातात. राष्ट्रीय स्पर्धा २००१ साली सुरू झाली आणि तेव्हापासून २०१३ पर्यंतचे प्रत्येक विजेतेपद याच एका लीगच्या संघाने मिळवले होते: मिनेसोटा-डुलूथ (डुलूथ शहरातले वेगळे विद्यापीठ), मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन. म्हणजे देशातले सर्वात कसलेले प्रतिस्पर्धी दर हिवाळ्यात चार-चार वेळा समोर येत आणि तेही बहुधा शुक्रवार-शनिवार किंवा शनिवार-रविवार असे लागोपाठ. शुक्रवारी हरलेला संघ त्याच रात्री चुका पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगावर येतो. पहिल्या दिवशी जिंकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जिंकणे अवघड, असे इथले जाणकार म्हणतात, आणि या संघाने हंगामभर दोन्ही दिवस जिंकले.

असा निर्दोष हंगाम याआधी किंवा नंतर कोणाचा झाला आहे का?

पुरुषांच्या महाविद्यालयीन आईस हॉकीत कॉर्नेल विद्यापीठाने १९७० साली २९ पैकी २९ सामने जिंकून अजिंक्यपद मिळवले होते. महिलांमध्ये २०१२-१३ च्या आधी असे घडले नव्हते.

नंतरचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१५-१६ मध्ये बॉस्टन कॉलेजचा (बॉस्टन विद्यापीठाहून ही वेगळी संस्था) संघ सलग ४० सामने जिंकून अंतिम फेरीत आला. केवळ एक सामना उरला होता. तो त्यांनी १-३ असा गमावला, आणि त्यांना हरवणारा संघ मिनेसोटाचाच होता. चाळीस विजयांनंतर एकेचाळिसावा किती दूर असू शकतो, हे त्या दिवशी बॉस्टन कॉलेजच्या मुलींना कळले. मिनेसोटाच्या मुलींना तीन वर्षे आधीच ते ठाऊक झाले होते, कारण त्यांचाही हंगाम संपण्याच्या अगदी काठावर आला होता.

म्हणजे सगळे सामने एकतर्फी नव्हते?

हंगामाचा बराचसा भाग एकतर्फी होता हे खरे आहे. परंतु ‘४१-०’ हा आकडा वाचून जे लोक समजतात की या मुलींना कधी घाम फुटलाच नाही, त्यांनी १६ मार्च २०१३ चा उपांत्यपूर्व सामना समजून घ्यावा. या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल, तर ते हे वाचावे असे मी म्हणेन.

त्या वेळी राष्ट्रीय स्पर्धेत आठ संघ घेत आणि पहिली फेरी वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरी होई. मिनेसोटाच्या वाट्याला शेजारच्या राज्यातले नॉर्थ डकोटा विद्यापीठ आले. हे दोन्ही संघ एकाच लीगमधले, एकमेकांच्या सगळ्या खोडी ओळखणारे. नॉर्थ डकोटाच्या संघात जोसलिन आणि मोनिक लॅमोरू या जुळ्या बहिणी होत्या, आणि त्यांनी आपले महाविद्यालयातले पहिले वर्ष, म्हणजे २००८-०९, याच मिनेसोटाच्या संघातून खेळून नंतर आपल्या गावच्या विद्यापीठात बदली घेतली होती. ज्या बर्फावर त्यांनी सुरुवात केली होती, तेथेच त्या आता शेवटच्या वर्षाच्या खेळाडू म्हणून समोरच्या बाजूला उभ्या होत्या.

साठ मिनिटे संपली तेव्हा गोलफलकावर २-२ होते. बाद फेरीत बरोबरी झाली की २० मिनिटांचे पूर्ण जादा सत्र खेळवतात आणि त्यात पहिला गोल झाला की सामना त्या क्षणी संपतो. पहिल्या जादा सत्रात गोल झाला नाही. दुसऱ्यातही झाला नाही. शंभर मिनिटांचा खेळ झाला होता, आणि एका चुकीच्या पासने, एका निसटत्या स्केटने, कोणाच्या तरी स्टिकला लागून दिशा बदललेल्या एका पकने सबंध हंगाम संपला असता.

प्रत्येक सत्राच्या मध्ये झँबोनी नावाची गाडी बर्फावरून फिरते. ती वरचा खरवडलेला थर काढून घेते आणि मागच्या बाजूने गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखी चकाकणारी ओली पट्टी तिच्यामागे उमटते आणि काही मिनिटांत गोठून पुन्हा कोरी होते. त्या दिवशी ही गाडी फेरीमागून फेरी मारत राहिली. बर्फ दर वेळी नवा होत होता, पण पाय तेच होते. इतक्या उशिरा खेळाडूंच्या मांड्यांत गोळे येतात, हातमोजे आतून चिंब भिजलेले असतात, आणि पाऊण मिनिट खेळून बाकावर आलेली मुलगी बोलण्याऐवजी नुसती मान खाली घालून श्वास घेत बसते.

तिसऱ्या जादा सत्रात कॅनडाहून आलेल्या केली टेरीने गोल केला आणि मिनेसोटाने सामना ३-२ असा जिंकला. लॅमोरू बहिणींची महाविद्यालयीन कारकीर्द त्याच क्षणी, त्याच बर्फावर संपली.

मला या सामन्यात सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे गोल कोणी केला ही. संघात देशातली सर्वाधिक गुण मिळवणारी खेळाडू होती, ऑलिंपिक खेळलेली गोलरक्षक होती, पण हंगाम वाचवला तो जिचे नाव बाहेरच्या प्रेक्षकांना फारसे माहीत नव्हते अशा एका मुलीने. जिच्यावर सगळ्यांचे लक्ष असते ती चांगली खेळली म्हणून एखादा सामना जिंकता येतो. ओळीने ४१ जिंकायचे तर कोणत्याही रात्री कोणतीही मुलगी पुढे यावी लागते.

उपांत्य आणि अंतिम सामना कसा झाला?

सहाच दिवसांनी, २२ मार्चला, उपांत्य फेरीत बॉस्टन कॉलेजशी गाठ पडली. तोही सामना २-२ वर जादा वेळेत गेला. या वेळी प्रेक्षकांना फार ताटकळावे लागले नाही: बचावफळीतील मेगन बोझेकने लवकरच निर्णायक गोल केला आणि पुन्हा ३-२. एका आठवड्यात दोनदा हा संघ पराभवापासून एका गोलाच्या अंतरावर उभा होता.

रविवारचा अंतिम सामना त्या मानाने मोकळा झाला. बॉस्टन विद्यापीठाच्या संघात मारी-फिलिप पुलँ होती, जी पुढे कॅनडाची सर्वात भरवशाची खेळाडू म्हणून जगाला माहीत झाली, परंतु मिनेसोटाने ६-३ अशी बाजी मारली. आदल्या हंगामाच्या अखेरीचे आठ विजय धरून त्या दिवशी त्यांची सलग विजयांची संख्या ४९ झाली.

अमांडा केसलचे १०१ गुण म्हणजे काय?

आईस हॉकीत गोल करणारीला एक गुण मिळतो आणि त्या गोलाआधी शेवटचे पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघींनाही प्रत्येकी एक गुण मिळतो. अमांडा केसलने त्या हंगामात ३७ सामन्यांत ४६ गोल केले आणि ५५ गोलांना साहाय्य केले, म्हणून तिचे गुण १०१ झाले. सामन्याला सरासरी पावणेतीन गुण पडतात. फुटबॉल किंवा मैदानी हॉकीची सवय असलेल्यांना हा आकडा किती मोठा आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगते, की अनेक संघांत हंगामात ३० गुण मिळवणारी मुलगी आघाडीची मानली जाते.

केसल विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरातली. तिच्या गावचे विद्यापीठ मिनेसोटाचे कट्टर प्रतिस्पर्धी. तिचा भाऊ फिल केसल तेव्हा एनएचएल या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये टोरांटोकडून खेळत होता, आणि बातम्यांत तिचा उल्लेख ‘फिलची बहीण’ असा होई. त्या हंगामानंतर तसा उल्लेख करण्याचे कारण उरले नाही.

तिच्यामागे हॅना ब्रँट होती. पहिल्याच वर्षाला असलेल्या या स्थानिक मुलीने ८२ गुण मिळवले.

गोलरक्षक नूरा रॅटीबद्दल एवढे का बोलले जाते?

कारण गोल न होऊ देणे हे गोल करण्याइतकेच मोलाचे असते, आणि ते दिसत नाही. रॅटी फिनलंडमधल्या एस्पो शहराची. त्या हंगामात तिच्या नावावर ३८ विजय आहेत आणि पराभव एकही नाही. सामन्याला सरासरी एका गोलाहूनही कमी गोल तिने स्वीकारले. चार वर्षांच्या कारकीर्दीत तिने ११४ विजय आणि ४३ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल न करू देण्याची कामगिरी केली, आणि तेव्हा हे दोन्ही आकडे महिला महाविद्यालयीन हॉकीतले विक्रम होते.

आघाडीची खेळाडू पाऊण मिनिट खेळून विश्रांती घेते. गोलरक्षक मात्र सामनाभर तिथेच असते. तीन जादा सत्रांच्या त्या सामन्यात इतर सगळ्या जणी आळीपाळीने बाकावर बसत होत्या, तेव्हा रॅटी पायाला जाड पॅड बांधून शंभर मिनिटांहून जास्त वेळ त्या लाल चौकटीसमोर वाकून उभी होती.

आता मगाचा बाकाचा मुद्दा. केसल ३७ सामने खेळली, म्हणजे चार सामन्यांत ती नव्हती. रॅटीचे विजय ३८ आहेत, म्हणजे तीन विजय दुसऱ्या गोलरक्षकाच्या खात्यावर आहेत. ते सामनेही संघाने जिंकलेच. त्यांतला एकही बरोबरीत सुटला असता तरी आज हे पान लिहिले गेले नसते.

पॅटी कॅझमायर पुरस्कार काय आहे?

महिला महाविद्यालयीन आईस हॉकीतल्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला १९९८ पासून हा पुरस्कार देतात. पॅटी कॅझमायर प्रिन्स्टन विद्यापीठाची खेळाडू होती आणि १९९० साली रक्ताच्या दुर्मीळ आजाराने तिचे अकाली निधन झाले. २०१३ मध्ये अंतिम तीन नावे होती अमांडा केसल, मेगन बोझेक आणि नूरा रॅटी. तिघीही मिनेसोटाच्या. एक आघाडीची, एक बचावफळीची, एक गोलरक्षक. पुरस्कार केसलला मिळाला.

प्रशिक्षक कोण होते?

ब्रॅड फ्रॉस्ट. त्यांनी २००७ मध्ये संघाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्याआधी लॉरा हॉलडॉर्सन यांनी १९९७ मध्ये सुरू झालेला हा संघ शून्यातून उभा केला होता आणि २००४ व २००५ ची एनसीएए विजेतेपदे मिळवून दिली होती. निर्दोष हंगामाचे श्रेय फ्रॉस्ट यांना देताना हॉलडॉर्सन यांचे नाव मागे पडते, आणि ते बरोबर नाही.

हे मिनेसोटातच का घडले?

थंडी हे सोपे उत्तर आहे आणि ते अपुरे आहे. थंडी नॉर्थ डकोटातही तेवढीच पडते.

अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेद करण्यास त्याने मनाई केली, आणि महाविद्यालयांतील मुलींच्या खेळांचे दार त्यामुळे उघडले. पण महाविद्यालयीन संघाला खेळाडू शाळेतून यावे लागतात. १९९४ मध्ये मिनेसोटाने मुलींच्या आईस हॉकीला शालेय खेळ म्हणून मान्यता दिली. असे करणारे ते देशातले पहिले राज्य होते. हॅना ब्रँट त्याच सुमारास जन्मलेली. म्हणजे ती स्केट्स बांधू लागली तेव्हा तिच्यापुढे शाळेचा संघ, राज्य स्पर्धा आणि विद्यापीठ असा सलग रस्ता तयार होता. तिच्या आधीच्या पिढीतल्या मुलींना मुलांच्या संघात जागा मागत फिरावे लागत असे.

तिसरे कारण इमारतीचे आहे. २००२ मध्ये विद्यापीठाने रिडर अरीना बांधले. केवळ महाविद्यालयीन महिला संघासाठी बांधलेले ते अमेरिकेतले पहिले आईस हॉकी मैदान होय. सुमारे ३,४०० प्रेक्षक बसू शकतात. ज्या संघाला सरावासाठी पुरुषांच्या संघाची वेळ संपण्याची वाट पाहावी लागत नाही, त्या संघाच्या मुलींच्या मनात आपल्या खेळाबद्दल कोणती भावना रुजते हे वेगळे सांगायला नको. २०१३ चे तिन्ही राष्ट्रीय सामने याच छताखाली झाले.

माझ्या मुलीचे स्केट्स मी पहिल्यांदा बांधले ते वस्तीतल्या उद्यानात, उणे पंधरा अंशांत. नाडी घोट्यापाशी इतकी घट्ट ओढावी लागते की मोजे काढून उघड्या बोटांनीच ते जमते आणि दुसरा पाय होईपर्यंत बोटांना संवेदना राहत नाही. शेजारी दहा-बारा बाया हेच करत वाकून बसल्या होत्या. मिनेसोटाच्या संघामागे असे किती हात आहेत, हे मला तेव्हा समजले.

या मुलींना खेळण्याचे पैसे मिळत होते का?

पगार नव्हता. त्या वेळच्या नियमांनुसार विद्यापीठ महिला आईस हॉकी संघाला जास्तीत जास्त १८ पूर्ण शिष्यवृत्त्या देऊ शकत असे. त्यात शिक्षणशुल्क, राहणे आणि जेवण यांचा खर्च भागे. वर्ग, परीक्षा आणि दूरचे बसप्रवास सांभाळून हे सामने खेळले गेले.

विजयांची ही मालिका केव्हा संपली?

पुढच्या हंगामात मालिका ६२ विजयांपर्यंत गेली. १७ नोव्हेंबर २०१३ रोजी रिडर अरीनातच ती ३-२ अशा फरकाने तुटली. तोडणारा संघ होता नॉर्थ डकोटा. आठ महिन्यांपूर्वी ज्या बर्फावर, ज्या फरकाने ते हरले होते, तेथेच आणि त्याच फरकाने त्यांनी परतफेड केली. त्या हंगामाच्या शेवटी, मार्च २०१४ च्या अंतिम सामन्यात क्लार्कसन विद्यापीठाने मिनेसोटाला ५-४ असे हरवले आणि विजेतेपद पहिल्यांदाच या लीगच्या बाहेर गेले.

त्या खेळाडू पुढे काय करत आहेत?

केसल, बोझेक आणि ली स्टेकलाइन २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळल्या आणि त्यांना रौप्यपदक मिळाले. अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारी कॅनडाची खेळाडू मारी-फिलिप पुलँच होती. रॅटी आणि मिरा यालोसुओ फिनलंडकडून खेळल्या.

केसलचा पुढचा काळ सोपा नव्हता. सोचीच्या सुमारास डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे तिला दीर्घकाळ खेळापासून दूर राहावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती विद्यापीठाच्या संघात परतली आणि महिन्याभरात बॉस्टन कॉलेजची चाळीस विजयांची मालिका तोडणाऱ्या संघात ती होती.

२०१८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने कॅनडाला हरवून सुवर्ण मिळवले. त्या संघात केसल, ब्रँट, स्टेकलाइन आणि दोघी लॅमोरू बहिणी एकत्र होत्या. मोनिकने सामना बरोबरीत आणला आणि जोसलिनने शूटआउटमधला, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठी एकेकीने एकटीने गोलरक्षकासमोर जाऊन पक मारण्याच्या फेरीतला, निर्णायक गोल केला. स्टेकलाइन त्यानंतर महिलांच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये मिनेसोटाच्याच संघातून खेळली. २०२४ आणि २०२५ अशी त्या लीगची पहिली दोन्ही विजेतेपदे या संघाने मिळवली.

नॉर्थ डकोटाचा संघ आता कोणत्या स्थानावर आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देताना मला दर वेळी वाईट वाटते. २०१७ च्या मार्चमध्ये त्या विद्यापीठाने खर्चकपातीचे कारण देऊन महिला आईस हॉकी संघच बंद केला. त्यानंतर वर्षभराच्या आत लॅमोरू बहिणींनी देशाला सुवर्णपदक मिळवून दिले, आणि तोवर त्यांचे महाविद्यालय त्यांच्या खेळाच्या नकाशावरून नाहीसे झालेले होते. मिनेसोटाच्या निर्दोष हंगामाला सर्वात जवळून आव्हान देणारा आणि नंतर त्यांची मालिका तोडणारा संघ तोच होता.

रिडर अरीनात जाऊन आज सामना पाहता येतो का?

येतो. हंगाम साधारण सप्टेंबरअखेरीस सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो. सामने बहुधा शनिवार-रविवारला लागून लागोपाठ दोन दिवस असतात. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आतही जाड जाकीट आणि टोपी ठेवावी, कारण खालच्या रांगांत बर्फाचा गारवा पायांपर्यंत येतो. आजी-आजोबांना कठड्याच्या काचेपासून सात-आठ रांगा वर बसवावे. तेथून पक नजरेतून सुटत नाही आणि बाकावरची अदलाबदलही नीट दिसते. थोडे लवकर पोहोचल्यास सरावाआधी झँबोनी शेवटची फेरी मारत असते. वर नजर टाकली तर छताजवळ विजेतेपदांचे फलक टांगलेले दिसतात, आणि त्यांत २०१३ चा फलक आहे.